पिठाचं पोतं आणि आपाची मेंढी

नारीन नदीच्या वरच्या अंगाला, जिथं ऑक्टोबरातच बर्फाची चाहूल लागते, तिथल्या शाळेत साइराकुलबाई पाचवीला शिकवत. दानधर्म आणि गावकी हा विषय त्या वर्षी नवा आला होता. तो नुसता पुस्तकातून शिकवायचा नाही असं बाईंनी ठरवलं, आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या कालिमान आपाला निरोप धाडला, की शनिवारी मुलं मदतीला येतील.

मुलं गेली. पिठाचं पोतं दिलं, सरपण फोडलं, भिंतीला चुना लावला. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी बाईंनी आपाला पोत्याशेजारी उभं करून फोटो काढला.

मग आपानं सगळ्यांना आत बोलावलं. जेवणासाठी अंथरलेलं दस्तरखान गच्च भरलेलं होतं. पिठाचे गोळे तळून केलेले गरम बोरसोक, साय आणि मधोमध वाफाळतं मटण. भुकेली पोरं तुटून पडली. मानाचा तुकडा आपानं बाईंच्या ताटात वाढला.

बेगायिम ही वर्गातली चौकस पोरगी. तिनं विचारलं, "आपा, गोठ्यात तुमची मेंढी नाही दिसली?"

"दिसेल कशी? तुमच्या पोटात आहे की," आपा हसून म्हणाली.

पोरंही हसली. बाईंनी मात्र हातातला घास परत ताटात ठेवला. आपाकडे ती एकच मेंढी होती, वसंतात कोकरू देईल या आशेवर पोसलेली. पण ताट सारणं म्हणजे घरधनिणीचा अपमान. बाई मान खाली घालून जेवल्या.

आपा हातावर पाणी घालायला आली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "कशाला केलंत हे?"

"मग काय, एवढ्या पोरांना कोरड्या चहावर वाटेला लावू? तू निरोप धाडलास, पोरी. विचारलं नव्हतंस."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं.

फोटोला बक्षीस मिळालं. हेडमास्तरांनी तो व्हरांड्यात लावला, आणि बाई मागच्या दारानं वर्गात जाऊ लागल्या. शेवटी न राहवून त्यांनी मुलांना सांगून टाकलं, की आपण पीठ देऊन आलो आणि म्हातारीची मेंढी खाऊन आलो.

"मग आता विचारून येऊ या ना, बाई," बेगायिम म्हणाली.

दोघी गेल्या. काय हवंय म्हटल्यावर आपानं दाराशी ठेवलेल्या रिकाम्या बादल्यांकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "आळीचा नळ. दोन हिवाळे बंद पडलाय. या वयात नदीवरून बादल्या आणते मी. कचेरीत माझं कोण ऐकतंय?"

त्या नळावरूनच बाई रोज शाळेला जात.

अख्खी पाचवी गावकचेरीत जाऊन उभी राहिली. बेगायिमनं आळीची अडचण नीट मांडली. प्रमुखानं आधी टोलवाटोलवी केली, पण पोरं जागची हलेनात, तेव्हा माणूस पाठवायचं कबूल केलं. आठवड्याभरात नळाला पाणी आलंही. पण कचेरीतल्या त्या दिवशी उठता उठता प्रमुखानं बाईंना विचारलं होतं, "तुम्ही तर तिथूनच ये-जा करता. इतके दिवस बोलला का नाहीत?"

मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत थांबली होती.