मानवाकडी

माझ्या लॉन्ड्रीसमोरच्या वाचनालयाचं ‘मानवाकडी’ हे नाव मीच पाडलं, आणि रस्त्याने ते डोक्यावर घेतलं. घेणारच! औषधांचं दुकान सरळ, दातांचा दवाखाना सरळ, आणि मधोमध ही चार मजली काचेची बया रुसलेल्या नणंदेसारखी मान फिरवून उभी.

बांधली कुणी, तर माझ्या सख्ख्या भाच्याने. ठोंब्याने. बहिणीच्या घराजवळ धड शाळा नव्हती, म्हणून तो माझ्याकडे, लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत राहून शिकला आणि पुढे आर्किटेक्ट झाला. वाचनालयाचं काम त्याला मिळालं तेव्हा मी हरखले होते. वाटलं, छान विटांची, उतरत्या छपराची, आमच्या रस्त्याला शोभेल अशी इमारत बांधेल. उद्घाटनाला सगळ्यांदेखत मी त्याला विचारलं, “अरे ठोंब्या, एक भिंत सरळ उभी करता येईना तुला? कुठून उचलून आणलंस हे ध्यान?”

तो नुसता हसला. माझं डोकं असं फिरलं की त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. फोन करायचा बिचारा. मी कशाला उचलतेय!

आता माझं रडगाणं ऐका. लॉन्ड्रीच्या पाठीशी बँकेची उंच इमारत आहे, त्यामुळे पुढच्या अंगणात ऊन म्हणून पडत नाही. चादरी दोन-दोन दिवस दोरीवर लोंबत राहायच्या आणि तरी कुबट वास यायचा. घरच्यांचे कपडे तर कायम आत खुंटीवर, कारण दोरी गिऱ्हाइकांची. त्या वासापायीच हॉस्टेलच्या चादरींचं काम हातचं गेलं होतं.

आणि एका दुपारी चिमटे लावताना माझ्या हातावर ऊन आलं. तेही समोरून! मानवाकडीच्या काचांवरून उतरून थेट माझ्या दोरीवर. संध्याकाळपर्यंत चादरी कडकडीत वाळल्या. मी चकार शब्द काढला नाही. कोणत्या तोंडाने काढणार? गुपचूप हॉस्टेलचं काम परत आणलं, दोन दोऱ्या वाढवल्या आणि त्या बयेकडे चोरून बघायला लागले.

पण तेच ऊन शेजारच्या शिंपीदादांच्या डोळ्यांत जायचं. सुईत दोरा ओवता येईना, म्हणून त्यांनी तक्रार लिहिली आणि सह्या गोळा करत माझ्याकडे आले. मानवाकडीच्या विरोधात आहे एवढंच मी ऐकलं आणि न वाचता पहिली सही ठोकली. सवयच लागली होती ना!

व्हायचं तेच झालं. परवा सकाळी समोर शिड्या लागल्या. माणसं काळ्या फिल्मची भेंडोळी उतरवत होती आणि मध्ये उभा ठोंब्या. मी ओल्या हातांनी तशीच रस्ता ओलांडून गेले.

“हे काळं काय फासताय?”

“मावशी! तू बोललीस!”

“बोलले नाही, विचारलं.”

“फिल्म आहे. म्हणजे काच चमकणार नाही. तक्रार आलीय.” मग हळूच म्हणाला, “पहिली सही तुझीच आहे.”

“न वाचता केली,” मी कसंबसं म्हटलं. “तुझ्या इमारतीच्या विरोधात होती, त्यात वाचायचं काय?”

तो खो-खो हसत सुटला, आणि मला मेलं रडू फुटलं. “हसू नकोस! ते ऊन गेलं तर माझं दुकान बसलं. हॉस्टेलच्या चादरी काय तुझ्या डोक्यावर वाळवू?”

त्याचं हसणं थांबलं. “पोचतं ऊन? दोरीपर्यंत?”

मी उत्तर द्यायच्या आत तो धावत अंगणात गेला. कालच्या वाळलेल्या चादरी दोरीवर होत्या, त्यातली एक त्याने चक्क गालाला लावली.

“मावशी, सरळ उभी केली असती तर ऊन पलीकडे बँकेच्या पार्किंगमध्ये पडलं असतं. म्हणून जराशी फिरवली. कागदावर पहिली रेघ मी तुझ्या दोरीपासूनच मारली होती.”

“मग तेव्हाच सांगायला काय झालं होतं?”

“पोचेल याची खात्री नव्हती. आणि नंतर तू फोन कुठे उचललास?” तो चादरीची घडी घालायला लागला, मी शिकवली तशी, टोकाला टोक लावून. “शाळेत मला कुबट्या म्हणायचे. लॉन्ड्रीवालीचा भाचा आणि शर्ट रोज दमट.”

हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. पण रडत बसायला वेळ कुठे होता, समोर माणसं शिडीवर चढली होती! त्यांना थांबायला ओरडून मी शिंपीदादांकडे धावले.

“दादा, दुकानाला छत्रीसारखा पडदा लावा. कापड माझं. आणि तुमचे घरचे कपडे आयुष्यभर फुकट धुऊन देते.”

दादांनी चष्म्यावरून पाहिलं. “कालपर्यंत तर मानवाकडी होती ती.”

“अजूनही आहे. पण आमची आहे.”

“बरं. पडदा मीच शिवतो. पण रंग माझ्या पसंतीचा.”

त्यांनी तक्रार मागे घेतली आणि पडदा निवडला भडक जांभळा. आता रस्त्याला एक वाकडी इमारत आहे आणि तिच्याहून भयंकर एक पडदा. ठोंब्या म्हणतो, मस्त दिसतो. त्याच्या डोळ्यांचं मी काय करू?

त्या दिवशी तो जायला निघाला तेव्हा मी त्याला दारात अडवलं. “शर्ट काढ.”

“मावशी, अगं मीटिंग आहे मला.”

“काढ म्हटलं ना!”

घामाने भिजला होता नुसता. मी तो धुतला, पिळला, हॉस्टेलच्या चादरी बाजूला सारल्या आणि दोरीच्या मधोमध लावला. ठोंब्या बनियनवर पायरीवर बसला. दुपारी मानवाकडीने ऊन धाडलं. वाळल्यावर मी स्वतः तो शर्ट त्याच्या अंगात चढवला आणि बटणं लावली. चांगला ऊन-ऊन होता.