पूर्वज सेकंदाला चारदा रडतात

चोंग-बुलाकच्या क्लबात त्या रविवारी दुपारी एवढी गर्दी झाली होती की टोपी काढून ठेवायला मांडीसुद्धा मोकळी नव्हती. बायकांनी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर गोळे, घरूनच तळून आणले होते. चमत्कार लांबला तरी पोटाचे हाल नकोत, हा त्यामागचा विचार. मंचावर कुबात उस्ताद विराजमान होते. डोक्यावर गावातल्या कुठल्याही टोपीपेक्षा वीतभर उंच पांढरी टोपी, पुढ्यात लोकरीच्या नक्षीदार नमद्यानं झाकलेली लाकडी पेटी आणि दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर. तीन वर्षांपूर्वी याच स्पीकरवर ते लग्नांत गाणी लावायचे. मध्यंतरी त्यांना साक्षात्कार झाला. स्पीकर मात्र तेच राहिले.

"आकाशात प्रत्येक माणसाचा एक आकडा आहे," उस्ताद डोळे मिटून म्हणाले. "जन्माचा दिवस आणि महिना शेजारी शेजारी ठेवले की तो आकडा उघडतो. आकड्यातून सूर येतो, सुरातून नशीब. मी काही वाजवत नाही. मी फक्त वाट मोकळी करून देतो."

आतापर्यंत दोन जोड्यांसाठी वाट मोकळी झाली होती. पहिल्या जोडीतला नवरदेव तीन जानेवारीचा, म्हणजे आकडा एकतीस. स्पीकर नुसता गुरगुरला. नवरी पंचवीस नोव्हेंबरची, आकडा दोन हजार पाचशे अकरा. पुढच्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. "दोघांच्या वाटा वेगळ्या," उस्तादांनी सांगितलं आणि उपाय म्हणून एक मेंढी मागितली. दुसऱ्या जोडीच्या वाटा फार जवळून जात होत्या. त्यावरही उपाय मेंढीच निघाला.

तिसऱ्या रांगेत मेरिम बसली होती. ती गावच्या शाळेत गणित शिकवायची आणि शाळा सुटल्यावर लॅपटॉपवर संगीत रचायची. त्यात ना तार, ना कातडं, सगळे आवाज यंत्रातूनच काढलेले. गाव त्याला 'बाईंची टिकटिक' म्हणत असे. शेजारी तिचा होणारा नवरा एर्मेक होता, आणि त्याच्या पलीकडे त्याची आई काल्बुबू. तिच्या मुठीतल्या रुमालात चांदीची कर्णफुलं होती. सासूनं होणाऱ्या सुनेच्या कानात ती घातली की सोयरीक पक्की.

"आज घालणारच होते गं पोरी," काल्बुबू म्हणाली. "पण आधी विचारून घेतलेलं बरं. विचारायला काय जातंय?"

"मेंढी जाते," एर्मेक म्हणाला.

"तू गप्प बस. मेंढी बाहेर बांधूनच ठेवलीय मी."

त्यांची पाळी आली. एर्मेकच्या पासपोर्टावर चौदा सप्टेंबर होती, म्हणून आकडा एकशे एकोणपन्नास. त्याचा सूर जाड आणि स्वच्छ निघाला. मेरिमचा जन्म पंधरा मार्चचा, आकडा एकशे त्रेपन्न. तिचाही सूर तसाच, किंचित वरचा. मग उस्तादांनी दोन्ही सूर एकत्र सोडले.

वाँव-वाँव-वाँव-वाँव. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. आवाज फुगायचा, ओसरायचा, पुन्हा फुगायचा. छातीत कुणी बुक्के मारतंय असं वाटत होतं. काल्बुबूच्या हातातला चहा बशीत सांडला.

"रडताहेत," उस्ताद कुजबुजले. "सातही पिढ्यांचे पूर्वज एकत्र रडताहेत. तिसऱ्या हिवाळ्यात या घराचं छप्पर बसेल."

"उस्ताद, काहीतरी करा," काल्बुबू म्हणाली.

मेंढी आत आली. तिच्या गळ्यातली दोरी काल्बुबूच्या हातातून उस्तादांच्या हातात गेली आणि काय आश्चर्य, रडणं मंदावलं. वाँव... वाँव... शेवटी एकच संथ सूर उरला. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. एक बाई हुंदके देऊ लागली. मेंढीनं तेवढ्यात जवळच्या थाळीतला बोरसोक उचलला.

"आजच्यापुरते शांत झाले," उस्ताद म्हणाले. "आता वर्षभर लग्न नको. आणि दर महिन्याला एक मेंढी."

काल्बुबूनं मनातल्या मनात बारा मेंढ्या मोजल्या आणि रुमालाची गाठ घट्ट केली. "पोरी, राग मानू नकोस," ती हळूच म्हणाली. "पण त्यापेक्षा सून बदललेली स्वस्त पडेल."

मेरिमला एर्मेक हवा होता, आणि ही तोंडाळ म्हातारीसुद्धा. पण रडू यायच्या आधी तिला तो आवाज आठवला. रोज संध्याकाळी ती स्वतःच तो काढायची! खालचा सूर भरदार करायचा तर त्याच्याशेजारी अगदी थोडा सरकवलेला दुसरा सूर ठेवायचा, की तो असाच हेलकावे खायचा. तिनं एकशे त्रेपन्नातून एकशे एकोणपन्नास वजा केले आणि ती उठून उभी राहिली.

"आपा, एर्मेकचा जन्म कुठं झाला?"

"वर, जाइलोच्या कुरणावर," काल्बुबू म्हणाली. "गुरं चरायला वर नेली होती तेव्हा. गवत कापायचे दिवस होते, आणि गारा म्हणजे अशा पडत होत्या..."

"सप्टेंबरात कापतात गवत?"

"जुलैत कापतात. मास्तरीण असून विचारतेस? आम्ही खाली उतरलो सप्टेंबरात. मग ह्याचा बाप कचेरीत नोंद करायला गेला. कारकुनानं त्या दिवसाची तारीख टाकली."

क्लबात चुळबुळ सुरू झाली. कारण पासपोर्टांवर विश्वास ठेवायचा तर अर्धं चोंग-बुलाक सप्टेंबरातच जन्माला आलं होतं.

"म्हणजे पूर्वज पोरासाठी रडले," मागून एक म्हातारा म्हणाला, "की कारकुनासाठी?"

"आकाश सरकारी शिक्का मानतं," उस्ताद गंभीरपणे म्हणाले.

"बरं, मानू दे," मेरिम म्हणाली. "मग शिक्क्यावरूनच मी आधी सांगते. सापार आजोबा, तुमच्या कागदावर काय आहे?"

"पंधरा जानेवारी," सापार म्हणाले. सत्तरी उलटलेले हे गृहस्थ कोमुझ वाजवायचे. लग्न असो की मयत, तीन तारांचं ते वाद्य त्यांच्या मांडीवर असायचंच, तसं आजही होतं.

मेरिमनं खिडकीच्या वाफ धरलेल्या काचेवर बोटानं लिहिलं: एकशे एक्कावन्न, एकशे त्रेपन्न. खाली लिहिलं: दोन. "आजोबांचा आणि माझा सूर एकत्र लावा, उस्ताद. पूर्वज सेकंदाला दोनदाच रडतील. मघाशी चारदा रडले होते."

"पूर्वजांची परीक्षा घेत नसतात."

"घ्या की," गर्दी म्हणाली. मेंढ्या दिलेल्या दोन्ही घरांचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.

उस्तादांनी सूर सोडले. वाँव... वाँव. मेरिमनं घड्याळ धरलं आणि अख्खा क्लब मोठ्यानं मोजू लागला. दहा सेकंदांत वीस झाले. पुढची मोजणी चुकावी म्हणून उस्तादांचा अंगठा नमद्याखाली सरकला, पण एर्मेकनं एका हिसक्यात नमदा उचलला. खाली दोन गोल बटणं होती, त्यांच्यावर लाल आकडे चमकत होते आणि उस्तादांचा अंगठा त्यातल्या एकावर होता.

"मेंढी बाहेर न्या," मेरिम म्हणाली. नेली. मग तिनं स्वतः ते बटण हळूहळू फिरवलं. दोनाचा एक झाला, एकाचा अर्धा, आणि एकशे त्रेपन्नला एकशे त्रेपन्न भिडताच आवाज संथ झाला. मेंढी तेव्हा अंगणात कुणाचा तरी बूट चाटत होती.

"आपा, लोकर झोडताना तुम्ही बायका दोघी-दोघी समोरासमोर बसता ना?" मेरिमनं विचारलं. "एकीचा हात जरा भरभर चालला तर?"

"कधी काठ्या एकदम पडतात, कधी आलटून पालटून."

"तसंच आहे हे. एक सूर हवा सेकंदाला एकशे एकोणपन्नास वेळा हलवतो, दुसरा एकशे त्रेपन्न वेळा. चार वेळा दोघे एकदम पडतात, तेव्हा आवाज फुगतो. मधे एकमेकांच्या उलट जातात, तेव्हा ओसरतो. मोठ्यातून लहान वजा करा, बाकी म्हणजे तुमचे रडणारे पूर्वज. तिसरीतलं गणित आहे."

सापार आजोबांनी कोमुझच्या दोन बाजूच्या तारा एका सुरात लावायला घेतल्या. शांततेत ती बारीक डगमग सगळ्यांना ऐकू आली. त्यांनी खुंटी पिळली. डगमग मंदावली, थांबली.

"साठ वर्षं मी याच डगमगीवर तार लावतोय," ते म्हणाले. "आणि मघाशी सगळ्यांत आधी टोपी मीच काढली." त्यांनी ती पुन्हा डोक्यावर ठेवली.

कुबात उस्तादांची टोपी एव्हाना बरीच खाली आली होती. "मी तरी काय करू," ते पुटपुटले. "हल्ली लग्नात सगळे फोनवरूनच गाणी लावतात."

"मग माझ्या लग्नात वाजवायला या," मेरिम म्हणाली. "स्पीकर चांगले आहेत तुमचे. आधी सगळ्यांच्या मेंढ्या परत करा, आणि नशीब घरी ठेवून या." मग ती गर्दीकडे वळली. "सूर खरे होते आणि अंगावर आलेला काटाही खराच होता. रडणारे पूर्वज तेवढे आपण वरून घातले. काटा येतो तर येऊ द्या, त्याची लाज नाही. पण दोरी हातातून सोडायच्या आधी दहा सेकंद मोजा. मोजता येत नसेल तर शाळा उघडी आहे, मोठ्यांनाही बसू देते मी."

काल्बुबूनं दातांनी रुमालाची गाठ सोडली, मेरिमची हनुवटी धरून मान वळवली आणि कर्णफूल तिच्या कानात घालू लागली. म्हातारीचे हात इतके थरथरत होते की आकडा काही केल्या भोकात जाईना.

"हे मोजू नकोस," ती दरडावून म्हणाली.

मेरिमनं मान स्थिर धरली आणि मोजलं नाही.