नुसता सदरा

ड्रायव्हरबाईने कपाटाची काच सरकवली आणि पुतळ्याला घातलेल्या जुन्या सदऱ्यावरची निळी-पांढरी फीत बोटांनी चाचपली. मग बाहीवरचा बिल्ला. नवाकोरा, चारी बाजूंनी घट्ट टाके घातलेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कुणी लावलं?"

संग्रहालयाचे साहेब लगबगीने आले. पोलीस दलाच्या शंभरीनिमित्त आज दालनाचं उद्घाटन होतं, आणि घामाने त्यांची कॉलर आत्ताच भिजली होती.

"बाई, हात नका लावू. आमच्या शिंप्यानं लावलंय. मांडलेला गणवेश पूर्ण असायला हवा, नियमच आहे. बिल्ल्याची जागा फाटकी होती, फीतही नव्हती. त्या वर्षी नोकरीत असलेल्या सगळ्यांना ती मिळाली होती."

"कशाबद्दल?"

"गोदीच्या संपात... शांतता राखल्याबद्दल."

"शांतता! माणसं मेली तिथं. माझ्या बापानं बंदूक खाली ठेवली, गोळी झाडणार नाही म्हणाला. म्हणून सगळ्या तुकडीसमोर त्याचा बिल्ला ओरबाडून काढला. वर ऐकवलं, 'बिल्ला गेला, आता हा नुसता सदरा. घाल नाहीतर फेक.' सदरा देताना हे सगळं सांगितलं होतं मी. तुमचा माणूस म्हणाला, जसा आहे तसाच ठेवू."

बाबांनी तो फेकला नव्हता. पुढे जन्मभर गवंडीकाम केलं ते त्याच सदऱ्यात. आई घरातला फाटका पायमोजासुद्धा शिवून काढायची, पण त्या बाहीला तिने कधी सुई लावली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "राहू दे, त्यांना तिथून वारा लागतो." आणि ज्या भोकाला आईने हात लावला नाही, ते या दीडशहाण्यांनी एका दुपारीत बुजवून टाकलं होतं.

भिंतीवर शंभर वर्षांचे बिल्ले ओळीने लावले होते. मुकुट गेला, गरुड आला. गरुड गेला, तारा आला. खालच्या कपाटात लाठी होती, ती मात्र तीच.

"फीत काढा," ती म्हणाली. "बिल्लाही."

"आत्ता? पाहुणे फाटकाशी पोचलेत. आणि बाई, उलट मानच दिलाय आम्ही त्यांना. त्यांच्यावरचा डाग पुसला."

"डाग?" तिचा आवाज एवढा चढला की खुर्च्या मांडणारी माणसं थबकली. "डाग त्यांच्यावर होता?"

साहेबांचाही तोल गेला. "पटत नसेल तर घेऊन जा तुमचा सदरा! दुसरे पुष्कळ गणवेश आहेत."

फीत उपसून तिने साहेबांच्या टेबलावर ठेवली. बिल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरून ओढली. टाके करकरत तुटले आणि जुनं भोक पुन्हा उघडं पडलं. बिल्लाही टेबलावर गेला. मग तिने पुतळ्याच्या अंगातून सदरा काढला, आपल्या कपड्यांवरून अंगात चढवला आणि एकेक बटण लावलं. बसचं स्टिअरिंग फिरवून फिरवून तिचे खांदे बापासारखेच झाले होते. सदरा मापात बसला.

पहिल्या रांगेत 'गणवेश देणाऱ्या कुटुंबांसाठी' अशी पाटी होती. ती जाऊन तिथल्या खुर्चीत बसली.

"अहो, हे काय? पोलिसांचा गणवेश घालणं गुन्हा आहे!"

"बिल्ला तुमच्या टेबलावर आहे. मोजून घ्या."

साहेबांनी दारावरच्या पोलीस शिपायाला हाक मारली. मिशा पिकलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस. मघापासून तो सगळं ऐकत होता.

"हिला बाहेर काढ."

शिपाई तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तिने दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. त्याने तिच्या बाहीकडे पाहिलं. बाहेर गाड्यांची दारं आपटली.

"काय म्हणून काढू, साहेब?"

"काय म्हणून? गणवेश घातलाय तिनं!"

"गणवेश कुठंय?" शिपाई म्हणाला. "नुसता सदरा आहे."

साहेबांची नजर सावकाश शिपायाच्या बाहीवरच्या बिल्ल्यावर जाऊन थांबली. शिपायाने ती नजर पाहिली. तो वळला आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला.