तालायसाठी रॉड

साक्तीनला फोन आला तेव्हा तो आपल्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानाचं दार उघडत होता. पलीकडे कादीरअली आबा होते, गावातले सगळ्यांत थोरले.

"शार्शेनचा पोरगा तालाय गेला रे. रशियात बांधकामावरून पडला. शार्शेनला अजून ठाऊक नाही, तो तुझ्याच दुकानाकडं निघालाय. बापाला धरून ठेव. आम्ही म्हातारे जमून येतो. तोवर तोंडातून शब्द काढू नकोस."

आमच्याकडे मरणाची बातमी कुणीही उठून सांगत नाही. बापाला मुलाचं मरण सांगायचं तर चार पिकली माणसं लागतात. आधी इकडचं तिकडचं बोलतात, मग हळूच मूळ गोष्टीवर येतात, आणि तो कोसळला तर धरायला हात असतात. साक्तीनला ही रीत पटत होती. हे काम आपल्या वाट्याला का, एवढंच पटत नव्हतं.

शार्शेन त्याचा कुर्दाश होता, एकाच वर्षी जन्मलेला जोडीदार. कुर्दाशांनी एकमेकांची टवाळी करायचीच असते, नाही केली तर समोरचा रुसतो. पन्नास वर्षांत या दोघांनी एकमेकांना सरळ शब्दात 'ये' म्हटलं नव्हतं.

"काय रे लबाडा, अजून जळालं नाही का तुझं दुकान?" शार्शेन दारातूनच ओरडला. डोक्यावर नवी टोपी, दाढी गुळगुळीत. "शुक्रवारी तालाय येतोय. तीन वर्षांनी! ट्राउट माशासाठी गळाचा रॉड दाखव, स्पिनिंगचा. सरळ दाखव, तुझ्या तोंडासारखा वाकडा नको."

"बस ना. चहा घे," साक्तीन म्हणाला.

हा रॉड कशासाठी, ते त्याला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी ऐन गवतकापणीत पोरगा नदीवर पळाला होता आणि संतापलेल्या शार्शेननं त्याचा रॉड गुडघ्यावर मोडला होता. चौथ्या दिवशी तालाय रशियाला गेला. नंतर फोनवर बोलणं व्हायचं, पण त्या रॉडचं नाव बापलेकांनी कधी काढलं नाही. माफी मागणं शार्शेनच्या रक्तातच नव्हतं. तो आता ती विकत घ्यायला आला होता.

साक्तीननं होते नव्हते तेवढे रॉड फळीवर मांडले. वेळ काढायचा होता.

"हा लांब बघ."

"अरे, आपली नदी केवढी? काठाला सगळी झुडपं. लांब काठी फांद्यांत अडकेल. गळ विकून म्हातारा झालास, अक्कल कुठं विकलीस?"

"खरंय. मग हा आखूड घे."

"हा फार ताठ. ट्राउटचं तोंड नाजूक, हिसका बसला की ओठ फाटून मासा सुटतो." शार्शेननं तिसरा रॉड उचलला. बारीक, हलका, बुचाच्या मुठीचा. "हां. पण त्याच्या हातात बसेल ना? विटा उचलून पंजे रुंद झाले असतील पोराचे."

साक्तीन वळून चहाच्या किटलीशी उगाच खुडबुडला.

"इकडे ये, दोऱ्याचं टोक धर," रॉडला दोरा ओवून शार्शेन म्हणाला. "मासा हो."

साठीला आलेला साक्तीन दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मासा झाला. बोटानं दोरा हळूच ओढला. डोळे मिटून उभ्या शार्शेनचा चेहरा उजळला.

"कळलं! एवढंसं ओढलंस तरी मुठीत कळलं. हाच. चांगला मासा आहेस रे, तसाच बावळट, तसाच बुळबुळीत."

साक्तीन दोरा बोटाला गुंडाळत राहिला. शार्शेननं डोळे उघडले.

"आल्यापासून मी तुला इतकं बोललो. तू एकदाही परत बोलला नाहीस."

"घसा बसलाय."

"बसलेल्या घशानं बोल. म्हण, थेरड्या, रॉड कसला घेतोस, टेकायला काठी घे. म्हण काहीतरी."

"शार्शेन... गाढवा..." साक्तीननं सुरुवात केली, आणि त्याचा आवाज चिरकला. गाढव हा शब्द त्यानं त्याला हजारदा ऐकवला असेल. आज तो मायेनं आला, तिथंच घात झाला.

शार्शेन त्याच्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "तालाय?"

साक्तीन बोटाला गुंडाळलेल्या दोऱ्याकडे बघत होता.

बाहेर मोटार थांबली. कादीरअली आबा आणि तिघे म्हातारे एकमेकांना धरत उतरत होते. शार्शेन बाकावर बसला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"त्यांना कळू देऊ नकोस मला कळलंय ते," तो म्हणाला. "तुला बोल लावतील. आणि म्हातारी माणसं कुठून कुठून आलीत. सांगू दे त्यांना."

म्हातारे आत आले. आबांनी गवताची चौकशी केली. शार्शेन म्हणाला, दोन कापण्या झाल्या. गुरांची केली. बरी आहेत म्हणाला. घोडीची केली. व्यालीय, म्हणाला. शार्शेननं एकही उत्तर चुकवलं नाही. मग आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मन घट्ट कर म्हणाले, आणि सांगितलं.

तेव्हाच तो ओरडला. "माझ्या शिंगरा! माझ्या शिंगरा रे!" चौघांनी धरूनही तो आवरेना.

त्याला मोटारीत बसवल्यावर आबा साक्तीनच्या कानाशी आले. "शाबास," ते म्हणाले. "चांगलं सांभाळलंस त्याला."