परत न आलेली ताटं

सुलक्षणाचे पाय त्या दिवशी जमिनीवर ठरत नव्हते. नाताळचा आदला दिवस होता, चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये करंज्यांचा घाणा चालला होता, आणि तिच्या पिशवीच्या तळाशी गुलाबी पत्रकांचा एक गठ्ठा लपलेला होता. त्या गठ्ठ्याच्या नादात करंजीला मुरड घालताना सारण सारखं बाहेर येत होतं. कस्तुराबाईंनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, एकदा तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि पुन्हा लाटायला घेतलं. कस्तुराबाई अशा नुसत्या बघायच्या तेव्हा भल्याभल्यांची गाळण उडायची. पण सुलक्षणाला आज कुणाचंच भय वाटत नव्हतं.

दौंड स्टेशनच्या पलीकडे, जिथं वस्ती संपून वांग्यांचे आणि झेंडूचे मळे लागतात, तिथं हे छोटंसं चर्च. मंडळी मोजून वीस-बावीस घरांची. थोरल्यांची हयात रेल्वेत गेली, पोरं आता कारखान्यांत पाळ्या करतात. बाकीची सगळी आळी मळेवाल्यांची. आणि या आळीत दर नाताळला चर्चमधून घरटी एक फराळाचं ताट जायचं. संध्याकाळपर्यंत ते परत यायचं, आणि येताना कधी रिकामं यायचं नाही. कुणी ओंजळभर गहू घालायचं, कुणी वांगी, कुणी नुसताच गुळाचा खडा. कस्तुराबाई नवी नवरी होऊन आल्या तेव्हापासून ही ताटं त्यांच्याच हातची.

यंदा मात्र या ताटांवरून मंडळीत चांगलीच जुंपली होती. त्याला कारण झाले चर्चचे नवे पाळक, म्हणजे पाद्री, सार्थक. शिरूरकडचा तरणाबांड माणूस, आवाज खणखणीत. आल्या आल्या त्यांनी भर उपासनेत विचारलं होतं, की शेजारणीला येशूची सुवार्ता सांगितलीय असं कोण कोण आहे, हात वर करा. एक हात वर झाला नाही. सुलक्षणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीही शिरूरचीच. तिचे वडील शिरूरच्या बाजारात खंजिरी वाजवून येशूची गाणी म्हणायचे आणि लोक टिंगल करत असले तरी हसत उभे राहायचे. त्या बापाची लेक दहा वर्षं इथं गप्प बसली होती! त्या दिवसापासून ती पेटूनच उठली.

सार्थक पाळकांनी पत्रकं छापून आणली आणि पंचांच्या बैठकीत मांडलं, की प्रत्येक ताटात एक ठेवू. सेक्रेटरी पोपटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. दिवस कसे आहेत, कुणी एकानं फोटो काढून मोबाइलवर फिरवला की पोलीस दारात, असं म्हणून त्यांनी दोन्ही हात हलवले. सुलक्षणानं त्यांना मनातल्या मनात भित्रा ठरवून टाकलं. कस्तुराबाईंचाही नकारच होता, पण तो वेगळा होता.

"ताट म्हंजी ताट," त्या म्हणाल्या. "त्याच्या बुडाला गळ लावून धाडायचं न्हाई."

संपलं. पाळक सरळ मनाचे, त्यांनी मुकाट्यानं पत्रकं कपाटात ठेवून दिली. पण कपाटाची किल्ली संडेस्कूलच्या बाईंकडे असायची, आणि संडेस्कूलच्या बाई म्हणजे आपली सुलक्षणाच.

कस्तुराबाई हात धुवायला नळावर गेल्या आणि सुलक्षणानं डाव साधला. ताटातल्या लाडवांखाली जो पांढरा कागद असतो, तो उचलून खाली एकेक पत्रक सरकवलं. वर ठळक अक्षरात होतं: सप्रेम आमंत्रण, नाताळच्या दिवशी सकाळी दहा वाजता, सहकुटुंब यावे, तुमची जागा राखून ठेवली आहे. आत बारीक टायपात तारणाचा सगळा मार्ग. उद्या कुणी एक जण जरी दारात आलं तर काय, या कल्पनेनंच तिला गाणं फुटत होतं.

ताटं गेली. संध्याकाळ झाली. एकही ताट परत आलं नाही.

आधी तिला काही वाटलं नाही. मग दिवे लागले. कस्तुराबाई चर्चच्या पायरीवर बसल्या होत्या त्या उठेनात. फाटक वाजलं की मान वर व्हायची, आणि आपलंच कुणी माणूस दिसलं की पुन्हा खाली.

"नकुशीचं बी न्हाई आलं," कस्तुराबाई म्हणाल्या, कुणाला उद्देशून नव्हे.

नकुशी म्हणजे भिंतीपलीकडची माळीण. दोघी एकाच उन्हाळ्यात या आळीत सुना होऊन आल्या होत्या. एकीच्या बाळंतपणात दुसरीनं चूल सांभाळली होती. ते ताट परत येत नाही म्हणजे काहीतरी तुटलं, आणि ते आपण तोडलं, हे सुलक्षणाला लख्ख कळलं. चाळीस वर्षांची माया आपल्या एका कागदानं गेली. सांगून टाकावं असं दहादा मनात आलं, पण जीभ रेटेना. रात्री नवरा महेंद्र विचारत राहिला काय झालं, तर डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडली.

नाताळ उजाडला तसा मात्र सगळ्यांना चेव आला. महेंद्रची ढोलकी कडाडली, पोरांनी नाटक केलं, बाळ येशूला मारायला निघालेल्या हेरोद राजाची कापसाची दाढी ऐन डरकाळीत गळून पडली आणि मंडळी पोट धरधरून हसली. देवदूतानं योसेफाला सांगितलं, उठ, बाळाला घे आणि पळ. योसेफ-मरिया बाहुली घेऊन शेडकडे पळाले आणि नाटक संपलं. बाहेर मटणाच्या रश्श्याचा घमघमाट सुटला होता. सुलक्षणा हसत होती, टाळ्या वाजवत होती, पण नजर दाराकडे. दहा वाजून गेले. अकरा वाजत आले. कुणी येणार नव्हतं, आणि येऊच नये असंही तिला वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात खिडकीपाशी बसलेले पोपटराव ताडकन उठले.

"आले," ते म्हणाले. "मोर्चा आला."

रस्त्यानं खरंच माणसांचा लोंढा येत होता. फेटे, टोप्या, बायका, कडेवरची पोरं. पोपटरावांनी झपकन दार लोटून कडी घातली. सुलक्षणाला वाटलं, आता आपल्या एकटीच्या उपद्व्यापापायी ही वीस-बावीस घरं मार खाणार. दारावर थाप पडली. कुणी हलेना. मग कस्तुराबाई उठल्या, पदर सारखा केला, पोपटरावांना हातानं बाजूला सारलं आणि कडी काढली.

दारात नकुशी. ठेवणीतलं लुगडं, नाकात नथ, आणि हातात कालचं ताट. ताटात नारळ, खण आणि साखर. तिच्यामागं सगळी आळी, आणि घरटी एकेकाच्या हातात ताट.

"बलवायचं आन् कडी घालायची, ही कुठली रीत गं?" नकुशी म्हणाली. "ताट कालच धाडणार व्हते. पण छापील आवतण आलंय म्हणल्यावर आहेर घालून संगंच न्यावं म्हणलं. लेकराचा वाढदिस हाय नव्हं?"

आळीत फराळासोबत छापील कागद येतो तो लग्नाचा नाहीतर बारशाचा. आणि बोलावलेल्या घरी कुणी हात हलवत जात नाही, तसंच न जेवता परतही येत नाही. ही साधी गोष्ट सुलक्षणाच्या डोक्यातच आली नव्हती. तिनं त्यांच्या जिवाचा एवढा विचार केला होता, जेवणाचा केलाच नव्हता.

"आवतण?" कस्तुराबाईंनी वळून पाहिलं.

"मी घातलं, आत्या," सुलक्षणा म्हणाली. रडू येत होतं आणि हसूही.

कस्तुराबाईंनी माणसांवरून नजर फिरवली, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. आज गुरुवार होता. आळीत निम्मी माणसं गुरुवारी मटणाला शिवत नाहीत, नकुशीचा नवरा तर माळकरी. आणि चुलीवर मटण, तेही आपल्यापुरतंच. बोलावलेली माणसं उपाशी गेली असती तर ही मंडळी दौंडात तोंड दाखवायच्या लायकीची उरली नसती.

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. कस्तुराबाईंनी मटणाची पातेली झाकून शेडच्या मागं न्यायला लावली आणि मसालेभात आणि शिरा असा हुकूम सोडला. भांडी कुठायत, म्हणेपर्यंत नकुशीचा दीर म्हस्कू टेम्पोतून गणपती मंडळाची मोठी पातेली घेऊनही आला. कुणीतरी मळ्यातून कोवळी वांगी तोडून आणली. पाहुण्या आलेल्या बायकांनी ठेवणीतल्या साड्यांचे पदर खोचले आणि तांदूळ निवडायला बसल्या. पोपटराव कांदा चिरत होते आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. ती सगळी कांद्याचीच होती असं मला वाटत नाही. सार्थक पाळकांना वाटलं, एवढी माणसं आयती बसलीत, भात शिजेस्तोवर चार शब्द बोलून घ्यावे. ते उभे राहिले, घसा साफ केला.

"पाळकसाहेब, मान्सं पाव्हणी आल्यात," कस्तुराबाई लांबूनच म्हणाल्या. "पोरांचं नाटक परत लावा."

पाळकांनी स्वतःच हेरोदाची दाढी शोधून काढली. पोरांना तर आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या खेळाला हेरोद असा काही गरजला की पुढची दोन बाळं रडायला लागली. नकुशी पहिल्या रांगेत, पदर तोंडाला लावून बघत होती.

लिंबाखाली पंगत बसली. सुलक्षणा शिऱ्याचं पातेलं घेऊन धावत होती, आणि तिला वाटत होतं आता पंख फुटायचेच बाकी आहेत. सगळी आळी आली होती! बापानं शिरूरच्या बाजारात आयुष्यभर हाका मारल्या, पण एवढी माणसं कधी थांबली नव्हती. नकुशीपाशी आल्यावर तिला राहवलं नाही. तिनं विचारलं, काकी, कागद वाचला ना?

"कोन वाचतंय," नकुशी म्हणाली. "नातवानं वरचं वाचलं, कवा जायचं त्येवढं. ताट कस्तुराच्या हातचं व्हतं म्हणून आलो."

सुलक्षणाच्या हातातला डाव तिथंच थांबला. कालपासून जे पत्रक तिच्या छातीवर बसलं होतं, ते कुणी उघडलंसुद्धा नव्हतं. मागं कस्तुराबाई मीठ वाढत उभ्या होत्या. आता त्या काहीतरी म्हणणार, असं तिला वाटलं. पण नकुशी त्यांच्याकडे वळली होती.

"आन् तुला काय म्हणू गं? चाळीस वरसं भिंतीपल्याड तुमची गानी ऐकतीया. पाठ झाल्यात मला. एकदा म्हणली न्हाईस, नकुशे, आत यी. मला वाटायचं तुमच्यात चालत नसंल."

कस्तुराबाईंच्या हातातलं मीठ पानावर न पडता तसंच राहिलं. सुलक्षणानं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. न बोलावण्याचं जे पथ्य चाळीस वर्षं त्यांनी मोठ्या मानानं सांभाळलं, ते पलीकडून बंद दारासारखं दिसत होतं, हे त्यांना आत्ता, भर पंगतीत कळत होतं.

"मला वाटायचं, तुला वाईट वाटंल," त्या हळूच म्हणाल्या.

"खुळी का काय." नकुशीनं भाताचा घास घेतला आणि मग काहीतरी आठवून हात थांबवला. "बरं, त्या पोराचं काय झालं? राजा मागं लागला आन् ह्यांनी खेळच संपिवला. वाचलं का त्ये?"

सुलक्षणाचे ओठ उघडले. हाच तो प्रश्न. याच्यासाठीच तिनं किल्ली फिरवली होती, याच्यासाठीच तिचा बाप भर बाजारात उभा राहायचा. सगळं उत्तर तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं सासूकडे पाहिलं. कस्तुराबाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या नकुशीकडेच बघत होत्या.

सुलक्षणानं त्यांच्या हातातलं मिठाचं वाडगं काढून घेतलं.

कस्तुराबाई पंगतीत, नकुशीच्या अगदी शेजारी, मांडी घालून बसल्या. "वाचलं," त्या म्हणाल्या. "आई-बाप रातीच त्याला घिऊन मिसर देशात पळालं. पर गोष्ट तितं संपत न्हाई. ऐक, सांगते."

लग्न होऊन दहा वर्षं झाली होती, पण सासूच्या तोंडून ही गोष्ट सुलक्षणानं कधी ऐकली नव्हती. ती पातेलं घेऊन दोघींच्या मागंच उभी राहिली, आणि शिरा कुठाय म्हणून पलीकडून हाका यायला लागल्या तेव्हा नाइलाजानं पुढं सरकली. पहिली पंगत उठली, दुसरी बसली. दोन जागा कमी पडत होत्या, पण त्या दोघींना उठवायला कुणी गेलं नाही.