धाकट्याचं वळण

वळणाची खूण म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या केशरी बोयाजवळ थोरलीनं सुकाणू ढकललं, शीड डोक्यावरून झपकन पलीकडे गेलं आणि होडी वेग न गमावता वळली. शर्यतीत तिच्यापुढे कुणीच नव्हतं. जन्मभर इतरांच्या होड्यांच्या पाठी पाहत आलेल्या बाईला ते मोकळं पाणी बघून क्षणभर भीतीच वाटली.

असलं वळण म्हणजे धाकट्या भावाच्या डाव्या हातचा मळ. तो ना सरावाला यायचा, ना कुणाचं ऐकायचा. गालाला वारा लागला की त्याला सगळं कळायचं. घरातले सगळे चषक त्याचे. थोरली मात्र पोस्टातली नोकरी सांभाळून बारा महिने पाण्यात. हातांना घट्टे पडले, लग्नाचं राहूनच गेलं. बाबा म्हणायचे, "अगं, हे उपजत लागतं. घोकून का वारा पाठ होतो?" पुढे धाकट्याला कंटाळा आला. तो दूरदेशी गेला, होडी विसरला, हळूहळू फोन करायचंही विसरला. ही आपली घोकत राहिली. बाबांनी एकदा 'शाबास' म्हणावं, बाकी तिला काही नको होतं.

शर्यत जिंकून ती धक्क्याला लागली, तेव्हा बाबा बाकावर दुर्बीण छातीशी धरून बसले होते. डोळे अधू झालेले, शिडावरचा आकडा दिसत नसे. हल्ली सालांचाही घोळ व्हायचा. पण चेहरा नुसता फुलला होता.

"पाहिलंत ना, बाबा?" तिनं विचारलं.

"पाहिलं तर. ते बोयाचं वळण... अगं, ते शिकून येत नाही." त्यांनी तिचा ओला हात धरला. "धाकटा कधी आला? मला बोलली नाहीस."

ती त्यांच्याशेजारी बाकावर टेकली.

"आणि तू गं? तू कितवी आलीस?"

सगळं अगदी ओठांवर आलं होतं. पण इतक्या वर्षांत बाबा असे हसले नव्हते.

"मी मागे राहिले, बाबा."

"असू दे. सराव चालू ठेव." त्यांनी तिचा हात थोपटला. "आणि त्याला सांग, मी शाबास म्हटलंय."

"सांगते."

त्यांना बाकावरच बसवून ती होडीकडे परतली. शीड गोड्या पाण्यानं धुतलं आणि धक्क्यावर पसरलं. शिडाची घडी घालायला दोन माणसं लागतात. तिनं एका टोकावर आपले ओले बूट ठेवले आणि दुसऱ्या टोकाकडून घडी घालायला घेतली.