बिनरंगाचं पाणी

क्लोरीन तपासायची गोळी नळीच्या तळाशी गेली आणि तिच्या कडेने गुलाबी रंगाचा एक धागा वर चढला. निम्म्यावर पोचायच्या आतच तो विरला. फार तर तीन सेकंद. मग काचेच्या नळीत नुसतं पाणी उरलं, पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ.

"रंग नाही, म्हणजे शून्य!" घड्याळावरची नजर काढून बाबा म्हणाले, आणि त्यांनी वहीत शून्य लिहिलं. "काल दोन मापं क्लोरीन टाकलं, तरी शून्य. ऊन नुसतं खाऊन टाकतंय सगळं."

त्यांच्या मागे टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या लेकीने तो धागा पाहिला होता. बाबांनी पाहिला नव्हता. गोळी टाकली की ते मिनिट मोजायला लागत.

बाबांनी एकतीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्त झाल्यावर घरामागचा पोहण्याचा हौद त्यांनी आपणहून अंगावर घेतला. रोज सकाळी आधी क्लोरीन, मग पीएच, मग वही, आणि त्यानंतरच नातीला पाण्यात उतरायची परवानगी. नात आठ वर्षांची. आजोबा तिला बेडकी म्हणत.

पण गेल्या सहा महिन्यांत वहीचं काहीतरी बिनसलं होतं. एकाच तारखेच्या दोन-दोन नोंदी सापडत, दोन्ही बाबांच्याच वळणदार अक्षरात, आणि दुसरी लिहिताना पहिली दिसलीच नसावी अशा. एकदा तर ॲसिडची बाटली क्लोरीनच्या डब्यावर ठेवलेली मिळाली. ही दोन्ही एकत्र सांडली तर विषारी वायू सुटतो, हे लेकीला शिकवलं होतं ते बाबांनीच. तिने गुपचूप बाटली दुसऱ्या फळीवर ठेवली आणि तोंड मिटून घेतलं. आज बोलू, उद्या बोलू करता करता सहा महिने गेले. ज्या माणसाच्या सहीवर अख्खं शहर पाणी प्यायलं, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

काल मात्र बेडकी पाण्यातून बाहेर आली ती डोळे चोळत, खोकत. "आजोबा, पाणी चावतंय!"

"बेडकीला कधी पाणी चावतं का गं? नखरे!" आजोबा हसले होते. लेक हसली नव्हती.

आता बाबांनी डब्याचं झाकण उघडलं.

"थांबा बाबा. मी एकदा बघू?"

"बघ की. तुझ्या डिग्रीवरची धूळ तरी झटकली जाईल."

तिने बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. हौदाच्या पाण्याचा एक भाग, त्याचे नऊ. हलवून त्यातलं नळीत भरलं, गोळी टाकली. या वेळी गुलाबी रंग आला आणि टिकला. तिने नळी रंगांच्या पट्टीला लावली. दोन.

बाबा वाकून बघत होते. "दहापट पातळ केलंस," ते हळूच म्हणाले. "म्हणजे वीस."

"हो. आणि हवं किती?"

"एक ते तीन." ते खुर्चीत बसले. "क्लोरीन फार झालं की रंगच खाऊन टाकतं. शून्यासारखं दिसतं, पण शून्य नसतं. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो मी हे."

"मलाही सांगितलं होतंत."

"गोळ्या जुन्या असतील..."

"तारीख बघितली. नव्या आहेत."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. लेकीला वाटलं, कळलं त्यांना. मग कशाला शब्दांनी दुखवायचं? दोन दिवस हौद बंद ठेवू, ऊन लागून क्लोरीन आपोआप उतरेल, पुढचं पुढे बघू. तिने नळ्या धुवायला घेतल्या.

मागच्या दारात बेडकी पोहायचे कपडे घालून उभी राहिली. "झालं का आजोबा? येऊ?"

"आलीच का स्वारी! पाच मिनिटं थांब." बाबा उठले. त्यांनी वहीकडे पाहिलं, डबा जवळ ओढला आणि माप आत घातलं. "शून्य आलंय ना आज, दोन मापं टाकतो, मग मार उड्या."

लेकीने त्यांचं मनगट धरलं. पांढरी भुकटी दोघांच्या बोटांवर सांडली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्या नजरेत. काय चुकलं, एवढंच विचारत होती ती.

"बेडके, आत जा. आज पोहायचं नाही," लेक म्हणाली.

"का पण?"

"जा म्हटलं ना."

दार लागेपर्यंत लेक थांबली. मनगट तिने सोडलं नाही, फक्त पकड सैल केली.

"बाबा, आजपासून या पाण्याला तुम्ही हात लावायचा नाही. पाणी मी बघणार. आणि उद्या सकाळी आपण दोघं डॉक्टरांकडे जाणार आहोत."